परमिट ते व्हिसा : भारत–पाकिस्तानमधील अल्पमुदतीच्या प्रवासाचे नियमन (१९४८–१९५७)

परदेशात काही दिवसांपुरते जाऊन परत येणे ही वरवर पाहता इतिहासकाराने दखल घ्यावी अशी घटना नाही. प्रवासी जातो, आप्तांना भेटतो किंवा आपले काम उरकतो आणि परततो. त्याच्यामागे उरतात ते चार शिक्के आणि एक अर्ज. परंतु ज्या काळात दोन राष्ट्रांच्या सीमा नुकत्याच आखल्या जात होत्या आणि कोण कोणत्या राष्ट्राचा हे ठरावयाचे होते, त्या काळात हे शिक्के आणि हे अर्जच माणसाचे नागरिकत्व ठरविण्याची साधने बनले. १९४८ ते १९५७ या दशकात भारत आणि पाकिस्तान यांच्यामधील अल्पमुदतीच्या प्रवासासाठी जे नियम झाले, त्यांचा विचार या दृष्टीने करण्याचा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

सामान्यतः अशी समजूत असते की, आधी नागरिक आणि परकीय असा भेद कायद्याने निश्चित होतो आणि त्यानंतर परकीयाने देशात कसे यावे याचे नियम होतात. प्रस्तुत प्रकरणी क्रम नेमका उलट दिसतो. प्रवेशाचा परवाना १९४८ साली आला. नागरिकत्वाविषयीचे घटनेतील अनुच्छेद १९४९ च्या अखेरीस अंमलात आले. पारपत्र आणि व्हिसा १९५२ साली आले. नागरिकत्वाचा कायदा १९५५ साली झाला. आणि पाकिस्तानचा नागरिक हा भारतीय कायद्याच्या दृष्टीने ‘परकीय’ ठरला तो १९५७ साली. या उलट क्रमाचे परिणाम सामान्य माणसांना भोगावे लागले. ते कसे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

१. पूर्वपीठिका

प्रवासासाठी परवान्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. मराठेशाहीतील दस्तके आणि राहदारीची पत्रे अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. परंतु त्यांचा मुख्य संबंध मालाशी, जकातीशी आणि वाटेवरील चौक्यांशी होता. दस्तक बाळगणारा मनुष्य कोणत्या राज्याचा ‘नागरिक’ आहे, हा प्रश्न त्या कागदात अभिप्रेत नव्हता. आधुनिक पारपत्राचे तसे नाही. ते प्रथम मनुष्याचे राष्ट्र सांगते आणि मग त्याला वाट देते.

हिंदुस्थानात हा आधुनिक प्रकार पहिल्या महायुद्धाबरोबर रुजला. १९१४ साली ‘कोमागाटा मारू’ या जहाजातून ३७६ प्रवासी कॅनडाच्या व्हँकूव्हर बंदरात पोहोचले. स्वदेशातून अखंड प्रवास करून आलेल्यांनाच प्रवेश, या १९०८ च्या कॅनेडियन नियमामुळे त्यांतील बहुतेकांना उतरू दिले गेले नाही. हे सर्व प्रवासी ब्रिटिश सम्राटाचे प्रजाजन होते आणि कॅनडा त्याच साम्राज्याचा भाग होता. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात जहाज कलकत्त्याजवळ बजबज येथे परतले. त्या सुमारास हिंदुस्थान सरकारने खुद्द हिंदुस्थानात प्रवेश करणाऱ्यांवर नियंत्रण ठेवणारा वटहुकूम जारी केला होता. परतलेल्या प्रवाशांवर बजबज येथे गोळीबार झाला आणि त्यांतील काही मारले गेले. परक्या देशाचे दार बंद झाल्यावर मायदेशाचे दारही विनाअट उघडे राहत नाही, हा धडा या प्रकरणात प्रथम मिळाला.

युद्धकाळात संरक्षणविषयक कायद्याखाली पारपत्राची सक्ती झाली. युद्ध संपल्यावर ती जाईल अशी पुष्कळांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात १९२० साली ‘इंडियन पासपोर्ट ॲक्ट’ संमत होऊन देशात प्रवेश करणाऱ्यांसाठी पारपत्राची अट कायम करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्याच वर्षी राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिस येथे भरलेल्या परिषदेने ३२ पृष्ठांच्या पुस्तिकेचा नमुना ठरवून दिला. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर ‘फॉरिनर्स ॲक्ट’, म्हणजे परकीयांविषयीचा कायदा, १९४६ साली झाला. या दोन कायद्यांनीच पुढे दीर्घ काळ भारतातील प्रवेशाचे नियमन केले.

येथे १९४६ च्या कायद्यातील एक व्याख्या ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढील सर्व गुंतागुंत तिच्यातून निर्माण झाली. त्या कायद्यानुसार ‘परकीय’ म्हणजे जो जन्माने ब्रिटिश प्रजाजन नाही, किंवा ज्याला तसे प्रजाजनत्व रीतसर बहाल झालेले नाही, असा मनुष्य. ही व्याख्या साम्राज्याच्या काळातील होती. लाहोरचा, कराचीचा, ढाक्याचा किंवा मुंबईचा मनुष्य तिच्या कक्षेत परकीय ठरू शकत नव्हता. १५ ऑगस्ट १९४७ रोजी साम्राज्य गेले. ही व्याख्या मात्र राहिली.

२. जुलै १९४८ : परमिट पद्धतीचा आरंभ

फाळणीनंतर सुमारे अकरा महिने दोन्ही राष्ट्रांच्या दरम्यान ये-जा करण्यास पारपत्र किंवा परवाना लागत नव्हता. पंजाबात भीषण हत्याकांडामुळे लोक स्थलांतर करीत होते, पण त्यांच्या मार्गात कागदाचा अडथळा नव्हता. मुंबईहून कराचीस आगबोटीने जाणारा मनुष्य तिकीट काढून जात असे. अनेक कुटुंबे दंगलीचा जोर ओसरेपर्यंत एका बाजूहून दुसऱ्या बाजूस गेली होती. आपण देश सोडला असे त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या मनात होतेच, असे म्हणता येत नाही.

१९४८ च्या पूर्वार्धात पश्चिम पाकिस्तानात गेलेले मुसलमान काही प्रमाणात भारतात, विशेषतः दिल्ली आणि संयुक्त प्रांतात, परत येऊ लागले. त्यांच्या घरांत दरम्यान पश्चिम पंजाब आणि सिंधमधून आलेल्या हिंदू व शीख निर्वासितांनी आसरा घेतला होता. परतणाऱ्याचा घरावरील हक्क आणि निर्वासिताची निवाऱ्याची गरज यांचा हा उघड संघर्ष होता. त्या संघर्षाचे उत्तर म्हणून भारत सरकारने १९ जुलै १९४८ रोजी पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांवर नियंत्रण घालणारा वटहुकूम लागू केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाकिस्ताननेही त्याच धर्तीचा वटहुकूम काढला. भारतातील वटहुकुमाचे रूपांतर १९४९ साली कायद्यात झाले.

या पद्धतीचे स्वरूप साधे होते. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्याने तेथील भारतीय उच्चायुक्तांच्या कचेरीतून परमिट घ्यावयाचे. परमिटांचे प्रकार प्रवासाच्या हेतूवर आधारलेले होते : तात्पुरत्या भेटीचे, वारंवार ये-जा करण्याचे, केवळ वाटेने जाण्याचे, आणि कायमचे परतून वस्ती करण्याचे. तात्पुरते परमिट तुलनेने सुलभ होते. कायमच्या परतीचे परमिट मिळणे फार कठीण होते.

या वर्गीकरणातच पुढील अनर्थाचे मूळ होते. एखाद्या कुटुंबातील कर्ता मनुष्य १९४७ च्या अखेरीस कराचीस गेला आणि सहा-आठ महिन्यांनी त्याला घरी परतावयाचे आहे, असे समजू. कायमच्या परतीचे परमिट त्याला मिळत नाही. तात्पुरत्या भेटीचे मिळते. तो ते घेतो, कारण त्याला घरी पोहोचावयाचे आहे. परंतु ते घेण्यासाठी जो अर्ज तो भरतो, त्यात तो पाकिस्तानचा रहिवासी असल्याचे मान्य करावे लागते. घरी येण्यासाठी वापरलेला कागदच आपण तेथील नसल्याचा पुरावा म्हणून त्याच्याविरुद्ध उभा राहतो.

यास मालमत्तेच्या कायद्याची जोड मिळाली. जो पाकिस्तानात गेला त्याची मालमत्ता ‘इव्हॅक्यूई’ची, म्हणजे देश सोडून गेलेल्याची, समजून कस्टोडियनच्या ताब्यात जात असे. १९४९ च्या वटहुकुमात तर देश सोडण्याच्या बेतात असलेल्या मनुष्याचाही एक वर्ग कल्पिला होता. त्यामुळे प्रवासाचा हेतू ही खाजगी बाब उरली नाही. घर, शेत आणि दुकान त्या एका शब्दावर अवलंबून राहिले.

परमिट पद्धती केवळ पश्चिम पाकिस्तानास लागू होती. पूर्व बंगाल आणि पश्चिम बंगाल यांच्यामधील ये-जा १९५२ पर्यंत मुक्त राहिली. एकाच शेजारी राष्ट्राच्या दोन भागांशी दोन वेगळे व्यवहार होते. पूर्वेकडे लोकसंख्येचा प्रवाह दीर्घकाळ चालत राहिला होता आणि तेथे निश्चित तारखेने दार लावणे हे माघारी राहिलेल्या अल्पसंख्याकांना कोंडण्यासारखे झाले असते. ८ एप्रिल १९५० च्या नेहरू–लियाकत कराराचा रोख मुख्यतः याच पूर्वेकडील अल्पसंख्याकांच्या संरक्षणावर होता.

३. घटनेतील परमिट

परमिट ही मूळची प्रशासकीय सोय. ती भारताच्या घटनेत कशी शिरली, हा या इतिहासातील सर्वांत उद्बोधक भाग आहे. घटनेच्या सहाव्या अनुच्छेदात १९ जुलै १९४८ ही तारीख आहे. पाकिस्तानातून भारतात आलेला मनुष्य या तारखेपूर्वी आला असेल तर त्याचे नागरिकत्व एका रीतीने ठरते. या तारखेस किंवा नंतर आला असेल तर त्याने सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर अर्ज करून नोंदणी करवून घेणे आवश्यक होते. ज्या दिवशी एक वटहुकूम लागू झाला तो दिवस अशा रीतीने राज्यघटनेतील सीमारेषा बनला.

सातवा अनुच्छेद उलट दिशेच्या प्रवासासंबंधी आहे. १ मार्च १९४७ नंतर जो भारतातून पाकिस्तानच्या प्रदेशात स्थलांतर करून गेला तो भारताचा नागरिक समजला जाणार नाही, असे तो सांगतो. त्याला जोडलेल्या परंतुकाने, पुन्हा वस्ती करण्यासाठी किंवा कायमचे परतण्यासाठी दिलेल्या परमिटावर जो आला त्याला वगळले आहे. म्हणजे परमिटाचा प्रकार हा नागरिकत्वाचा निकष ठरला.

घटना समितीत १० ते १२ ऑगस्ट १९४९ या तीन दिवशी या अनुच्छेदांवर तीव्र चर्चा झाली. डॉ. आंबेडकरांनी मसुदा मांडताना, हे कायमचे नागरिकत्वविषयक विधान नसून घटनेच्या प्रारंभीच्या स्थितीपुरते आहे, आणि पुढील कायदा संसद करील, असे स्पष्ट केले. सातव्या अनुच्छेदाच्या परंतुकास जसपत राय कपूर यांनी कडाडून विरोध केला. एकदा देश सोडून गेलेल्यास परत घेऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. विदर्भाचे प्रतिनिधी डॉ. पंजाबराव देशमुख यांना मसुद्याने नागरिकत्व फार स्वस्त केले असे वाटत होते. अन्य राष्ट्राचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू वा शीख मनुष्यास भारतीय नागरिकत्वाचा हक्क असावा, अशी उपसूचना त्यांनी मांडली. गोपालस्वामी अय्यंगार आणि पंडित नेहरू यांनी परंतुकाचे समर्थन केले. सरकारने रीतसर चौकशी करून ज्यांना परतण्याचा परवाना दिला, त्यांना नंतर नागरिकत्व नाकारणे म्हणजे स्वतःचाच शब्द मोडणे होय, असा त्या समर्थनाचा आशय होता. परंतुक टिकले.

पाकिस्ताननेही १९५१ च्या नागरिकत्व कायद्यात हीच रचना उलट्या दिशेने स्वीकारली. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानच्या प्रदेशातून भारतात गेलेला मनुष्य पाकिस्तानचा नागरिक नव्हे, आणि वस्तीच्या किंवा कायमच्या परतीच्या परमिटावर परतलेला याला अपवाद. परस्परांशी वैर असलेल्या दोन राष्ट्रांनी नागरिकत्वाच्या बाबतीत एकमेकांची प्रतिबिंबे तयार केली. या दोन आरशांच्या मध्ये जो सापडला, त्याला कोणतेच राष्ट्र आपला म्हणेना.

४. १५ ऑक्टोबर १९५२ : पारपत्र आणि व्हिसा

परमिट पद्धती चार वर्षे चालली. १९५२ साली पाकिस्तानच्या पुढाकाराने दोन्ही राष्ट्रांमध्ये पारपत्र व व्हिसाची पद्धत ठरली आणि ती १५ ऑक्टोबरपासून अंमलात आली. परमिटाचा कायदा रद्द झाला. या वेळी मात्र नियम पूर्वेलाही लागू झाले. ती तारीख जवळ आली तसतशी पूर्व बंगालमधून येणाऱ्या हिंदूंची संख्या एकाएकी वाढली. दार लागणार या बातमीनेच निघण्याचा निर्णय घडवून आणला. जे एरवी कदाचित निघाले नसते तेही निघाले. ज्या नियमाचा हेतू ये-जा मर्यादित करण्याचा, त्याचा पहिला परिणाम ती वाढविण्यात झाला.

या प्रवासासाठी दोन्ही सरकारांनी सर्वसाधारण पारपत्राहून वेगळे, केवळ या दोन देशांपुरते चालणारे पारपत्र काढले. व्हिसाचे वर्ग इंग्रजी अक्षरांनी ओळखले जात. ‘ए’ वर्ग सीमेलगत राहणाऱ्या आणि उपजीविकेसाठी ती नित्य ओलांडणाऱ्या लोकांसाठी होता. पुढील काळातील न्यायनिवाड्यांत वारंवार भेटणारा ‘सी’ वर्ग म्हणजे सामान्य माणसाचा अल्पमुदतीच्या भेटीचा व्हिसा. राजनैतिक प्रतिनिधी आणि वाटसरू यांच्यासाठी निराळे वर्ग होते. नेमलेल्या तपासणी नाक्यावरूनच प्रवेश, नमूद केलेल्या ठिकाणीच वास्तव्य, पोलीस ठाण्यावर हजेरी आणि मुदतीत परतणे, ही या पद्धतीची चतुःसूत्री होती.

परमिट आणि व्हिसा यांतील मूलभूत फरक असा की, परमिट हे मनुष्य कोठून कोठे आणि कशासाठी जातो हे विचारीत होते. पारपत्र हे तो कोणाचा हे विचारीत होते. १९४८ साली तात्पुरते परमिट घेऊन आलेल्याला, माझे मूळ घर येथे आहे, असे निदान म्हणता येत होते. १९५२ नंतर भेटीस येण्यासाठी त्याला आधी पाकिस्तानचे पारपत्र काढावे लागले, आणि ते काढताना आपण पाकिस्तानचे नागरिक आहोत असे लिहून द्यावे लागले. पारपत्राशिवाय प्रवास नाही, आणि पारपत्र घेतले की घर परके, अशा कात्रीत तो सापडला.

या व्यवस्थेचे वैचित्र्य समजण्यासाठी मुंबईचेच उदाहरण घ्यावे. कराची शहर १ एप्रिल १९३६ पर्यंत, म्हणजे सिंध स्वतंत्र प्रांत होईपर्यंत, मुंबई इलाख्यात होते. मुंबईचे शिक्षणखाते, न्यायखाते आणि व्यापार यांच्याबरोबर मराठी माणसे तेथे गेली. नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाचे हायस्कूल त्या शहरात अद्याप या संबंधाची साक्ष देते. कोकणातील मुसलमान कुटुंबांचीही कराचीस वस्ती झाली. १९५२ च्या ऑक्टोबरनंतर मुंबईच्या मनुष्याला या शहरी चार दिवस जाण्यासाठी व्हिसा आवश्यक झाला. त्याच वेळी राष्ट्रकुलाचा नागरिक या नात्याने तो व्हिसावाचून लंडनला जाऊ शकत होता, इतकेच नव्हे तर तेथे स्थायिक होऊ शकत होता. ब्रिटनने यावर नियंत्रण आणले ते १९६२ च्या कायद्याने, आणि भारतीय प्रवाशांसाठी व्हिसाची अट घातली ती १९८६ साली. एकेकाळच्या राज्यकर्त्यांची राजधानी जवळ आणि एकेकाळचे आपल्याच इलाख्यातील बंदर दूर, अशी ही स्थिती दहा वर्षे टिकली.

कूचबिहारच्या परिसरातील छिटमहालांची अवस्था याहून कठीण होती. भारताचे तुकडे पूर्व पाकिस्तानात आणि पूर्व पाकिस्तानचे भारतात, अशी तेथील भूमीची रचना. छिटमहालातील रहिवाशाला व्हिसासाठी आपल्या राष्ट्राच्या कचेरीत जावयाचे तर परराष्ट्राची भूमी ओलांडावी लागे, आणि ती ओलांडण्यास व्हिसा लागे. म्हणजे नियम पाळण्यासाठीच नियम मोडणे प्राप्त होते. भारताचे १११ आणि बांगलादेशाचे ५१ छिटमहाल १ ऑगस्ट २०१५ पासून परस्परांत विलीन झाले, तेव्हा कोठे हा प्रश्न सुटला.

५. न्यायालयांपुढील प्रवासी

नियमांचा खरा अर्थ त्यांच्या अंमलबजावणीत कळतो, आणि अंमलबजावणीचे उत्तम साधन म्हणजे न्यायनिवाडे. त्यांतील काही येथे पाहू.

‘बिहार राज्य वि. कुमार अमरसिंह’ हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली निकालात काढले. त्यातील स्त्री जुलै १९४८ मध्ये कराचीस गेली आणि डिसेंबरमध्ये तात्पुरत्या परमिटावर परतली. मुदत संपल्यावर एप्रिल १९४९ मध्ये पुन्हा कराचीस गेली. तिचा पती भारतातच होता. आपण औषधोपचारासाठी गेलो होतो, असे तिचे म्हणणे. तिची मालमत्ता कस्टोडियनने ताब्यात घेतली होती. पत्नीचा अधिवास पतीच्या अधिवासाबरोबर जातो, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. सातवा अनुच्छेद पाचव्याहून प्रबळ आहे आणि तात्पुरत्या परमिटासाठी केलेला अर्ज तिच्या स्थलांतराचा निदर्शक आहे, असा निर्णय झाला. वर वर्णिलेली परमिटाची कात्री येथे प्रत्यक्ष दिसते.

१९५४ सालच्या ‘इब्राहिम वजीर मावत वि. मुंबई राज्य’ या प्रकरणात निकाल वेगळ्या दिशेने लागला. परमिटाच्या कायद्याचा भंग केल्याचा केवळ वाजवी संशय असला तरी कोणालाही भारताबाहेर घालविण्याचा अधिकार सरकारला सातव्या कलमाने होता. भारतीय नागरिकाला अशा रीतीने देशाबाहेर काढणे हे त्याच्या वास्तव्याच्या मूलभूत हक्काशी विसंगत आहे, असे न्यायालयाने ठरविले. पण तो कायदा दोन वर्षांपूर्वीच रद्द झालेला होता. ज्यांना या कलमाखाली आधीच घालविण्यात आले, त्यांच्या पदरात या तत्त्वाचे काय पडले, हा प्रश्न उरतोच.

सर्वांत मार्मिक प्रकरण ‘फिदा हुसेन वि. उत्तर प्रदेश राज्य’ हे १९६१ चे. पाकिस्तानी पारपत्र आणि व्हिसा घेऊन एक मनुष्य मे १९५३ मध्ये भारतात आला आणि मुदतीनंतरही राहिला. परकीयांविषयीच्या कायद्याखाली त्याच्यावर खटला झाला. न्यायालयाने १९४६ च्या व्याख्येकडे बोट दाखविले. अविभक्त हिंदुस्थानात जन्मलेला हा मनुष्य जन्माने ब्रिटिश प्रजाजन होता. म्हणून १९५३ साली प्रवेश करताना तो कायद्याच्या भाषेत परकीय नव्हता. आणि परकीयांसाठी असलेली मुदतीची अट त्या वेळी त्याला लागू नव्हती. ‘परकीय म्हणजे भारताचा नागरिक नसलेला’ ही व्याख्या जानेवारी १९५७ मध्ये दुरुस्तीने आली. ती मागील प्रवेशास लागत नाही. अपीलकर्ता सुटला.

या निर्णयाचा व्यापक अर्थ असा की, ऑक्टोबर १९५२ पासून जानेवारी १९५७ पर्यंत सुमारे सव्वाचार वर्षे पाकिस्तानी नागरिकांना परकीयाप्रमाणे व्हिसा दिला जात होता, पण कायदा त्यांना परकीय म्हणत नव्हता. व्यवहार कायद्याच्या पुढे गेला होता.

यानंतरचा वाद पारपत्राच्या पुराव्याविषयी झाला. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याखाली केलेल्या १९५६ च्या नियमांत, परदेशाचे पारपत्र मिळविणे हा त्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारल्याचा निर्णायक पुरावा समजावा, असे होते. ‘इझहार अहमद खान’ प्रकरणात १९६२ साली न्यायालयाच्या बहुमताने हा नियम वैध ठरविला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे होते. मात्र त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निर्णयाने, नागरिकत्व गेले की नाही याची चौकशी केंद्र सरकारने आधी केली पाहिजे, असे स्पष्ट झाले; आणि दडपणाखाली किंवा फसवणुकीने पारपत्र घ्यावे लागले असे म्हणण्याची संधी संबंधितास मिळाली पाहिजे, हे त्यानंतरच्या निर्णयाने स्पष्ट झाले. पुढे १९६६ साली ‘कुलाथिल मम्मू’ प्रकरणात, सुटी, व्यापार किंवा तत्सम कारणासाठी केलेली अल्पकाळची भेट म्हणजे सातव्या अनुच्छेदातील स्थलांतर नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. जी गोष्ट १९४८ च्या प्रवाशाला आपोआप स्पष्ट वाटली असती, ती न्यायतत्त्व म्हणून शब्दांत मांडली जावयास अठरा वर्षे लागली.

६. उपसंहार

१९६५ च्या युद्धाने मुनाबाव–खोक्रापार हा राजस्थान आणि सिंध यांना जोडणारा रेल्वेमार्ग बंद पडला. तो २००६ साली पुन्हा सुरू झाला आणि २०१९ साली परत थांबला. १९७४ मध्ये व्हिसाविषयी नवा करार झाला. ८ सप्टेंबर २०१२ च्या इस्लामाबाद येथील करारात भेटीस येणाऱ्यास पाच ठिकाणी जाण्याची मुभा आणि ६५ वर्षांवरील वृद्धांना अटारी–वाघा नाक्यावर ४५ दिवसांचा व्हिसा अशा तरतुदी होत्या. कराचीतील भारतीय वकिलात १९९४ साली बंद झाल्याने तेथील कोकणी कुटुंबांना व्हिसासाठी इस्लामाबादकडे पाहावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द केले. आणि १९२० व १९४६ चे ज्या दोन कायद्यांनी या कथेचा आरंभ झाला, ते १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कायद्याने निरस्त झाले. या सर्व तपशिलाचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा. येथे त्याचा निर्देश पुरे.

१९४८–५७ या दशकापुरते दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, नियम करणाऱ्यांचा हेतू सर्वस्वी दुष्ट होता असे म्हणणे अनैतिहासिक ठरेल. निर्वासितांना निवारा देणे आणि नव्या राष्ट्राची सीमा राखणे, या दोन्ही निकडी खऱ्या होत्या. घटना समितीने परंतुक राखून परतीची एक वाट मोकळीही ठेवली. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. प्रवासाच्या अर्जाने जे विचारले ते एक आणि त्या उत्तरावरून पुढे जे ठरविले गेले ते दुसरे, असे घडले. भेटीसाठी दिलेल्या उत्तराचा नागरिकत्वाच्या प्रश्नासाठी उपयोग झाला, आणि उत्तर देणाऱ्यास त्या वेळी तो प्रश्न ठाऊक नव्हता. कारण तो अद्याप कायद्यात उद्भवलाच नव्हता.

म्हणून या काळाच्या अभ्यासकाने परमिटे आणि व्हिसाचे अर्ज ही केवळ प्रवासाची कागदपत्रे समजू नयेत. ‘भेटीचा हेतू’ या रकान्यात जे लिहिले गेले, ते लिहिणाऱ्याच्या मनातील हेतूचे वर्णन नसून कोणता हेतू लिहिला असता घरी पोहोचता येईल, याचा त्याने केलेला अंदाज आहे. अर्जदाराने स्वहस्ते लिहिले म्हणून ते खरेच मानावयाचे, ही चूक त्या काळी कचेऱ्यांनी केली. इतिहासलेखनात तिची पुनरावृत्ती होऊ नये.